ताईंना विचारा: गोड्या पाण्यातलं जहाज अन् आपण तलाववाले

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी लिहिल्या होत्या की २०२३ च्या सप्टेंबरात आम्ही दोघं नवरा-बायको टोरांटोहून मिलवॉकीला जहाजानं गेलो, लेक तिकडे असते, तिनंच तिकीट काढलं होतं. तर त्यावर इतके मेसेज अन् पत्रं आली की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच दिलंय. नावं कोणाचीच छापत नाही, फक्त गावं देते.

प्रश्न (साकोली): ताई, पोरगा शिकागोत आहे, तो म्हणून राहिला की आई तुम्ही दोघं या, तुम्हाला ग्रेट लेक्सच्या क्रूझवर नेतो. आता तलाव म्हणजे तलाव. आमच्या नवेगावबांधला पाळीवर उभं राहिलं की पलीकडचे डोंगर दिसतात. तलावात आठ-आठ दिवस जहाज फिरते तरी कुठं? कंटाळा नाही येणार?

उत्तर: ताई, मलाही जायच्या आधी अगदी हेच वाटलं होतं, म्हणून आधी आकारच सांगते. ग्रेट लेक्स म्हणजे अमेरिका-कॅनडाकडचे पाच तलाव, सुपिरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी अन् ओंटारिओ. त्यातला एकटा सुपिरियर ८२ हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या विदर्भाच्या अकरा जिल्ह्यांतून गडचिरोली बाजूला काढला तर जेवढी जमीन उरते जवळपास तेवढं नुसतं पाणी, अन् सगळ्यात खोल जागी ४०६ मीटर खोल. पाचही मिळून २ लाख ४४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे पाऊण महाराष्ट्रापेक्षा जास्त. पृथ्वीवरचं बर्फ सोडून जेवढं गोडं पाणी वर उघडं आहे त्याचा पाचवा हिस्सा या पाच तलावांत आहे म्हणतात ते खरं आहे. जहाजाच्या डेकवर उभं राहिलं की चारी बाजूंनी काही म्हणजे काही दिसत नाही, समुद्रच वाटतो, फक्त वारा तोंडावर आला तरी ओठाला खारट लागत नाही. मला ती गोष्ट पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत नवलाचीच वाटत राहिली.

आपले तलाव कोहळी लोकांनी मातीच्या पाळी घालून बांधले, तिकडचे हिमयुगातल्या बर्फानं कोरले, बर्फ वितळला अन् खड्डे भरले, दहा-बारा हजार वर्षांपूर्वीची गोष्ट.

कंटाळ्याचं म्हणाल तर तुम्ही कशासाठी जाताय त्यावर आहे. टीव्हीवर दिसतात तशी चार-पाच हजार माणसांची, घसरगुंड्या अन् रोज रात्री नाचगाण्याची जहाजं इथं येतच नाहीत. इथली जहाजं लहान, साधारण दोनशे ते पावणेचारशे प्रवासी, जास्त करून रिटायर झालेली माणसं, संध्याकाळी कोणीतरी येऊन उद्याच्या गावाची माहिती सांगतं, लोक लायब्ररीत बसतात, लवकर झोपतात. ज्यांना मस्ती पाहिजे त्यांनी दुसरीकडे जावं. पण रोज सकाळी नवीन गावच्या धक्क्यावर उतरायचं, पायी फिरायचं, दुपारी परत येऊन पाणी पाहत बसायचं, हे ज्याला आवडतं त्याला आठ दिवस कमी पडतात. पोराला हो म्हणा.

प्रश्न (पवनी): मी सिंचन विभागातून रिटायर झालो, गोसीखुर्दच्या कालव्यावर उभी नोकरी गेली. नायगारा धबधबा तर याच तलावांच्या मधात आहे ना, मग जहाज धबधबा चढते कसं? नातू मोबाईलवर व्हिडिओ दाखवतो पण मला नीट समजावून सांगा.

उत्तर: काका, तुमचा प्रश्न आला तेव्हा मला इतका आनंद झाला, कारण खरं सांगायचं तर या पूर्ण ट्रिपमध्ये मला पाहण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट तीच वाटली, नायगारापेक्षाही.

ईरी तलाव ओंटारिओपेक्षा जवळपास १०० मीटर उंचावर आहे. मधातली नदी म्हणजे नायगारा, तिच्यात धबधबा. म्हणून धबधब्याला बाजूला ठेवून ४३ किलोमीटरचा वेलंड कालवा काढला, अन् त्यात आठ लॉक आहेत. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेली सिमेंटची लांब पेटी समजा. खालून येणारं जहाज आत शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो, मग वरच्या अंगाचं पाणी तळातल्या बोगद्यांतून आत सोडतात, पेटी भरते, जहाज तरंगत-तरंगत वर येतं, पाणी वरच्या पातळीला लागलं की पुढचा दरवाजा उघडतो अन् जहाज पुढच्या पायरीवर. पाणी चढवायला पंप लागत नाही काका. आपल्या तलावाचं तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं दार, उघडलं की पाणी जसं आपल्या मनानं नहरात उतरतं तसंच, फक्त तिथं उतरणारं पाणी जाताजाता जहाजाला उचलून घेतं. वर जाणाऱ्यासाठी पेटी भरायची, खाली येणाऱ्यासाठी रिकामी करायची.

एका पेटीत साधारण १४ मीटर चढ, अन् भरायला दहा-अकरा मिनिटं. एकदा भरायला ९ कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं, तुम्ही लगेच मनात हिशोब कराल की एवढ्यात किती बांध्या भिजतील, मीही केला होता. पहिल्या सात लॉकमध्ये खरा चढ आहे, आठवा फक्त ईरीच्या पाण्याची पातळी कमी-जास्त होते ती जुळवायला. थोरोल्ड गावात चार, पाच अन् सहा नंबरचे लॉक एकाला एक लागून आहेत, अगदी जिन्यासारखे, अन् तिथं दुहेरी आहेत, एका बाजूनं जहाज चढतं दुसऱ्या बाजूनं उतरतं. आमच्या शेजारून एक मालवाहू जहाज उतरत होतं, लॉक २४ मीटर रुंद अन् जहाज त्यापेक्षा अर्धाएक मीटरच कमी, दोन्ही भिंतींना फूटभर जागा. आमचे हे तर धान मोजताना कसे उभे राहतात तसे कठड्याला हात टेकून पूर्ण वेळ उभे, जेवायलाही आत आले नाहीत. पूर्ण कालवा पार व्हायला दहा-अकरा तास लागतात.

अन् एक गोष्ट खास तुमच्यासाठी. हा कालवा ज्यानं सुरू केला तो विल्यम हॅमिल्टन मेरिट म्हणून एक गिरणीवाला होता, त्याची पाणचक्की उन्हाळ्यात ओढा आटला की बंद पडायची, तर वरून पाणी आणावं हा त्याचा पहिला विचार, जहाजाचं नंतर आलं. १८२९ ला पहिला कालवा सुरू झाला तेव्हा लाकडी लॉक होते, चाळीस. आताचा आहे तो चौथा, १९३२ चा. पाण्याची नड माणसाकडून काय काय करवून घेते ते आपल्याकडच्या पाळी पाहिल्यावर मला नेहमी वाटतं, तिथंही तेच वाटलं.

सुपिरियरमध्ये जायला आणखी एक जागा आहे, सू सेंट मरी, तिथले सू लॉक. चढ फक्त ६.४ मीटर, पण १८५५ पासून तिथून लोखंडाचं खनिज उतरून राहिलं अन् त्याच खनिजावर खालची स्टीलची शहरं उभी राहिली. तिथला पो नावाचा लॉक इतका लांब आहे की हजार फुटी जहाज मावतं, अन् ती हजार फुटी जहाजं वेलंडमध्ये मावत नाहीत, म्हणून जन्मभर वरच्या चार तलावांतच फिरतात. याच मापामुळे प्रवासी जहाजंही लहान ठेवावी लागतात, वरच्या उत्तरात जे म्हटलं त्याचं कारण हेच.

प्रश्न (लाखनी): अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा आहे आमच्याकडे. बस होईल ना?

उत्तर: नाही होणार. यावर आम्ही स्वतः फसता फसता वाचलो. ज्या एजंटकडून कागदं करून घेतली त्यानं छातीठोक सांगितलं की जहाजावर असताना अमेरिकेचा व्हिसा चालतो, कॅनडाचा लागत नाही. लेकीनं फोनवर ऐकलं अन् ओरडलीच, मग धावाधाव करून कॅनडाचा व्हिसा काढला, त्यात जीव अर्धा झाला. तलावांच्या मधातूनच दोन देशांची सीमा जाते, एक मिशिगन सोडला तर बाकी चारही तलाव दोघांत वाटलेले, अन् जहाज आज इकडच्या गावाला तर उद्या तिकडच्या. भारतीय पासपोर्टवर दोन्ही देशांचे व्हिसे पाहिजेत, अन् दोन्ही मल्टिपल एन्ट्रीचे असले म्हणजे डोक्याला ताप नाही. अमेरिकेच्या मुलाखतीसाठी मुंबई गाठावी लागते, कॅनडासाठी बोटांचे ठसे द्यावे लागतात. पासपोर्टची मुदत परत आल्यावरही सहा महिने उरली पाहिजे असं धरून चाला. तिकीट काढायच्या आधी व्हिसा, नंतर नाही.

प्रश्न (गोंदिया): आम्ही दोघंही शिक्षक, मे महिन्यात सुट्ट्या. तेव्हा जावं का? धानाची शेतीही आहे म्हणून विचारतो.

उत्तर: मे चालतो, पण थंडीची तयारी ठेवा. आपल्याकडे ४५ डिग्री असते तेव्हा सुपिरियरवर स्वेटर अन् वरून जाकीट लागतं, पाणी हिवाळ्यातलं गार उतरलेलंच नसतं. हिवाळ्यात तर लॉकच बंद करतात, सू लॉक जानेवारीच्या मधापासून २५ मार्चपर्यंत बंद, वेलंडही मार्चच्या शेवटापर्यंत उघडत नाही. क्रूझ साधारण मेपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत.

मी सांगेन जमलं तर सप्टेंबर. रोवणी आटोपलेली असते, धान कापायला वेळ असतो, कास्तकाराच्या घरच्यांना निघायला हाच टाइम बरा. शाळेचं मात्र तुम्हाला पाहावं लागेल, दिवाळीच्या सुट्ट्यांपर्यंत थांबलात तर उशीर होतो. सप्टेंबरच्या शेवटी उत्तरेकडच्या काठावर झाडं लाल-पिवळी व्हायला लागतात, आम्ही थोडेसेच पाहिले, आठवडाभर उशिरा गेलो असतो तर बरं झालं असतं.

नोव्हेंबरात कोणी प्रवासी जहाज नेत नाही, त्याला कारण आहे. १९१३ च्या नोव्हेंबरात एका वादळात अडीचशेच्या वर माणसं गेली. १० नोव्हेंबर १९७५ ला सुपिरियरवर एडमंड फिट्झगेराल्ड नावाचं २२२ मीटर लांबीचं खनिजाचं जहाज बुडालं, २९ च्या २९ माणसं गेली, एकही वाचला नाही. व्हाइटफिश पॉइंटच्या म्युझियममध्ये त्या जहाजाची घंटा आहे, १९९५ ला तळातून वर काढलेली. तलाव म्हणून त्याला कमी समजू नका एवढ्यासाठी सांगितलं, भीती घालायला नाही. सप्टेंबरातही एक रात्र आमचं जहाज चांगलं हललं, तलावातल्या लाटा आखूड अन् जवळजवळ येतात त्यामुळं पोटात जास्त ढवळतं, ज्यांना एसटीत उलटी होते त्यांनी डॉक्टरला विचारून गोळी सोबत ठेवावी.

प्रश्न (तुमसर): शाकाहारी जेवण मिळते का? लसूण-कांदा चालतो.

उत्तर: मिळतं, पण बुकिंग करतानाच लिहून द्या, जहाजावर चढल्यावर सांगितलं तर चार दिवस पास्ता अन् उकडलेल्या भाज्या खाव्या लागतील. मी भाजलेल्या मिरचीचा ठेचा पक्का बांधून नेला होता, देवाशपथ त्यानंच तारलं. पण बाहेरून खायचं नेताना दोन्ही देशांचे नियम पाहून घ्या अन् कस्टमच्या फॉर्मवर खरं लिहा, फळं-भाज्या-बिया तर अजिबात नेऊ नका.

प्रश्न (अर्जुनी मोरगाव): ताई, आम्ही ढिवर, मासेमारी सोसायटीत आहे मी. तिकडे क्रूझवर जायची आमची ऐपत नाही पण मला जाणून घ्यायचं आहे की एवढ्या मोठ्या तलावात मासोळ्या कशा आहेत, तिथले तलाव कोणी खराब केले नाहीत का? आमच्या इथं तलावातली बेशरमची झुडपं काढता काढता कंबर मोडली.

उत्तर: भाऊ, पत्र पाठवलं ते फार चांगलं केलं. खराब केले, अन् भयंकर केले.

वर ज्या वेलंड कालव्याचं मी एवढं कौतुक केलं, त्याच कालव्यातून १९२१ च्या सुमारास सी लॅम्प्री नावाचा बामसारखा लांब जीव ईरीत शिरला, आधी धबधबा त्याला अडवत होता. त्याला जबडा नाही, गोल तोंडात दातच दात, मोठ्या मासोळीला चिकटून रक्त शोषतो. १९३८ पर्यंत तो सुपिरियरमध्ये पोचला अन् लेक ट्राउट नावाची तिकडची मोठी मासोळी जवळपास संपवली, काठावरच्या मासेमारांची घरं बसली. मग दोन्ही देशांनी मिळून एक आयोग बनवला, हजारो प्रकारची औषधं तपासली, फक्त त्याच्या पिल्लांना मारेल असं एक सापडलं, १९५८ पासून ओढ्यांत ते घालतात. आजही घालतात, थांबले की परत वाढतो. बेशरमचंही तसंच आहे ना, एक वर्ष सोडलं की पूर्ण तलावभर.

नंतर १९८८ ला झेब्रा शिंपले सापडले, परदेशी जहाजांनी पोटात भरून आणलेल्या पाण्यातून आलेले. ते पाणी इतकं गाळतात की वरून तलाव निर्मळ दिसतो, लोक म्हणतात वा काय काचेसारखं पाणी, पण लहान मासोळ्यांचं खाणंच त्यात गाळून गेलेलं असतं. मीही डेकवरून तेच म्हटलं होतं, जहाजावरच्या माहिती सांगणाऱ्या बाईनं समजावलं तेव्हा कळलं.

क्लीव्हलंडला आम्ही उतरलो तिथं कायाहोगा नदी ईरीला मिळते. कारखान्यांचं तेल अन् घाण इतकी की २२ जून १९६९ ला नदीनं पेट घेतला. नदीनं. ती आग तशी लवकर विझली, पण त्यावरून देशभर बोंब झाली, १९७२ ला अमेरिकेत पाण्याचा मोठा कायदा झाला अन् त्याच वर्षी तलावांसाठी कॅनडाशी करार. आता त्या नदीत मासोळ्या परतल्या, लोक होड्या चालवतात. पण २०१४ च्या ऑगस्टमध्ये टोलेडो शहरातल्या चार लाखांवर लोकांना नळाचं पाणी पिऊ नका म्हणून सांगावं लागलं, कारण शेतातलं खत वाहून ईरीत गेलं अन् पाण्यावर विषारी हिरवी साय आली. ही कारखान्याची चूक नव्हती, आपल्यासारख्या शेतकऱ्यांच्या खताची होती, म्हणून मला ती जास्त लागली. आपल्या तलावांच्या वरच्या अंगाला आपण काय टाकून राहिलो ते पाहायला पाहिजे.

अन् हे पाणी दूरच्या शहरांना विकायचं नाही, काही थोडे अपवाद सोडून खोऱ्याबाहेर न्यायचंच नाही, असा तिथल्या आठ राज्यांचा करार २००८ पासून अमेरिकेत कायदा आहे. तुमच्या सोसायटीत हे सांगा.

प्रश्न (वणी): बंदराची गावं तर पुष्कळ दिसतात नकाशावर. कोणतं सोडू नये?

उत्तर: माझं मत विचाराल तर मॅकिनॉ बेट. १८९८ पासून तिथं मोटारी बंद, आजही. घोडागाड्या, सायकली अन् पायी. बेटाभोवती १३ किलोमीटरचा सरकारी हायवे आहे अन् त्यावर मोटार चालवायला मनाई, सगळीकडे लिदीचा वास, मला तर बैलबाजारात आल्यासारखं घरचं वाटलं. समोर १९५७ चा आठ किलोमीटरचा मॅकिनॉ पूल दिसतो.

डेट्रॉइट लोक टाळतात, टाळू नका. तिथल्या कलासंग्रहालयात मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेरानं १९३२-३३ मध्ये काढलेली कारखान्यातल्या कामगारांची चित्रं आहेत, चारही भिंतीभर, घाम गाळणारी माणसं एवढ्या मानानं कोणी काढलेली मी आयुष्यात पाहिली नव्हती, अर्धा तास बसून राहिले. मिलवॉकीला तलावाच्या काठावरच म्युझियम आहे, त्याचे पांढरे पंख पक्ष्यासारखे उघडतात-मिटतात. अन् शिकागोला गेलात तर मिशिगन अव्हेन्यूवरच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जा, ११ सप्टेंबर १८९३ ला विवेकानंदांनी भाषण केलं ते याच इमारतीत, रस्त्याला त्यांच्या नावाची पाटीही आहे. टोरांटो मोठं शहर आहे, ठीक आहे.

प्रश्न (ब्रह्मपुरी): खर्च किती? आम्ही पोरीकडे सहा महिने राहायला जाऊन राहिलो, पण लाखो रुपये जहाजावर घालायला मन होत नाही.

उत्तर: आठवड्याच्या ट्रिपला माणशी पाच ते सात हजार डॉलर धरा, म्हणजे विमान सोडून साधारण साडेचार ते सहा लाख. जहाजं लहान म्हणून महाग. लेकीनं दिलं नसतं तर आम्हीही गेलो नसतो, अन् कर्ज काढून कोणी जाऊ नये.

पण पाणी सगळ्यांचं आहे. मिलवॉकीहून मस्कीगनला अडीच तासांची फेरी बोट जाते, मिशिगन तलाव पूर्ण आडवा पार. मॅनिटोवॉक ते लडिंग्टन बॅजर नावाचं १९५३ चं जहाज चालतं, कोळशाच्या वाफेवर, आधी रेल्वेचे डबे वाहायचं, चार तास लागतात, मधात गेलं की किनारा नाही दिसत. कॅनडात असाल तर टोबरमोरीहून मॅनिटूलिन बेटाला ची-चीमान नावाची फेरी बोट जाते, तिथल्या मूळच्या ओजिब्वे लोकांच्या भाषेत मोठी होडी, अन् ते बेट म्हणजे गोड्या पाण्याच्या तलावातलं जगातलं सगळ्यात मोठं. मॅकिनॉला तर किनाऱ्यावरून वीसेक मिनिटांत बोट नेते. क्रूझच्या मानानं ही तिकिटं काहीच नाहीत. दोन उन्हाळी शनिवार-रविवार काढले तरी निम्मा अनुभव येतो.

प्रश्न (पालांदूर): वडील ७६ वर्षांचे. गावच्या तलावाचं पाणी सोडायचं काम त्यांनी तीस वर्षं केलं. गुडघे दुखतात. भाऊ टोरांटोत आहे, तो तिकिटं काढतो म्हणतो. न्यावं का?

उत्तर: न्या. जहाजावर लिफ्ट असते, पण काही बंदरांत जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरून जावं लागतं, तिथं गुडघ्याला त्रास होईल, त्या दिवशी त्यांना वरच राहू द्या. बुकिंग करताना एकच गोष्ट विचारा, वेलंड कालवा दिवसा पार होणार की रात्री, अन् दिवसा होणारं पाहून घ्या. क्रूझ नाही जमली तरी भाऊ टोरांटोत आहेच, तिथून गाडीनं दीडेक तासावर सेंट कॅथरिन्स आहे, तीन नंबरच्या लॉकशेजारी म्युझियम आहे अन् उंच ओटा बांधलाय, तिथं उभं राहून पाहायला पैसे लागत नाहीत. कोणतं जहाज किती वाजता येणार ते आधी पाहून घ्या. खुर्ची सोबत न्या, अन् दरवाजा उघडेपर्यंत त्यांना घाई करू नका.